शरीराचं रसायन – लेखांक ९ : पिशवी काढली अन् पोट सुटलं

नांदुरा तालुक्यात कापूस वेचणाऱ्या बायकांच्या तोंडी हे वाक्य सहज येतं. कमरेला बांधायच्या फडक्याची गाठ पूर्वीसारखी बसत नाही, परकराची नाडी रुतते, मांड्या मात्र होत्या त्याहून बारीक दिसतात. काम तेच, भाकरी तीच. घरचे म्हणतात, बसून खाते. हा आरोप अन्यायाचा आहे.

स्टेरॉईड संप्रेरकं कोलेस्टेरॉलपासून बनतात, हे मागच्या लेखांकात आलंच आहे. ती चरबीत विरघळतात, म्हणून पेशीच्या आवरणातून थेट आत शिरतात आणि तिथल्या ग्राहक-प्रथिनांना चिकटून ठरावीक जनुकं चालू किंवा बंद करतात. इस्ट्रोजेन त्यांच्यापैकीच एक. पाळी सुरू असेपर्यंत ते मुख्यतः अंडाशयात तयार होतं.

चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं, असं फ्रान्समधल्या मार्से शहरातले डॉक्टर ज्याँ वाग यांनी १९४७ साली मांडलं. इस्ट्रोजेन ही जागाच ठरवतं. अ‍ॅड्रेनॅलिनचा इशारा आला की चरबीची पेशी साठा फोडून मेदाम्लं रक्तात सोडते. मांड्या-नितंबांच्या पेशींवर मात्र हा इशारा दाबणारे अल्फा-२ ग्राहक भरपूर असतात आणि इस्ट्रोजेन त्यांची संख्या वाढवतं. त्यामुळे तिथला साठा कणगीतल्या दाण्यासारखा राखून ठेवला जातो. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना तो कामी येतो.

इस्ट्रोजेन घटलं की ही राखण सुटते आणि चरबी पोटात, आतड्यांभोवती जमू लागते. ती तिथे असणं धोक्याचं, कारण तिच्यातून सुटणारी मेदाम्लं यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून थेट यकृतात जातात. तिथे चरबी साचते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. शिवाय रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून घेणारे यकृतातले ग्राहकही इस्ट्रोजेनच वाढवत असतं. ते गेलं की एलडीएल चढतं. मधुमेह आणि हृदयविकार दोन्हींची वाट इथूनच जाते.

वजनकाट्यावर यातलं फारसं काही दिसत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांनी आपले फोटो शेजारी-शेजारी छापून ते दाखवलं. म्हणून टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध माप ८० सेंटिमीटरच्या पुढे गेलं, तर भारतीय बाईनं साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं.

पाळी आपसूक जाते तेव्हा इस्ट्रोजेन हळूहळू घटतं, आणि चरबीतलं अ‍ॅरोमॅटेज विकर थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. पिशवीच्या ऑपरेशनमध्ये अंडाशयंही निघाली तर ते एकदम घटतं. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार महिलांची पाहणी २०१९ साली झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या त्या आकड्यांत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अनेकींचं वय चाळिशीच्या आत होतं. या बायकांना पुढची तीस-चाळीस वर्षं याच शरीरानं राबायचं आहे, आणि अंडाशयाचं काय करणार हे ऑपरेशनआधी त्यांना कुणी नीट सांगत नसेल, तर ती मला गंभीर चूक वाटते.

नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली, तर इस्ट्रोजेन येत राहतं. अंडाशयांचं काम थांबण्याचं वय मात्र थोडं अलीकडे येऊ शकतं. म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावं. त्यावर ‘बीएसओ’ अशी अक्षरं असतील, तर दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढल्या आहेत असं समजावं. वय पंचेचाळिशीच्या आत असेल तर ते कार्ड स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवून इस्ट्रोजेनच्या उपचाराबद्दल विचारावं. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर हा उपचार सहसा देत नाहीत, तेही आधीच सांगावं.

(पुढील लेखांक : कॉर्टिसॉल)