डाव्या गुडघ्याला शेक, उजव्याला जेल

रमजान जवळ आला की आमच्या घरात अम्मींच्या गुडघ्यांचा विषय निघतोच. तरावीहमध्ये सजद्यातून उठताना त्यांना जमिनीला हात टेकावे लागतात, आणि कोणी खुर्ची पुढे केली की त्या रागावतात. गेल्या हिवाळ्यात घरात दोन पक्ष पडले. अम्मी आणि खाला शेकाच्या बाजूने, आम्ही मुले डॉक्टरांनी लिहून दिलेल्या डायक्लोफिनॅक जेलच्या बाजूने. शेवटी ठरले, डावा गुडघा शेकायचा, उजव्याला जेल लावायचे आणि पंधरा दिवस वहीत लिहून ठेवायचे.

शेक आमच्या दादीच्या पद्धतीचा. खडे मीठ कढईत तापवून सुती कापडात बांधायचे. युनानी हकीम याला तकमीद म्हणतात. उष्णतेने त्या भागातला रक्तप्रवाह वाढतो, आवळलेले स्नायू सैल होतात. जेलचे काम वेगळे. वेदना आणि सूज वाढवणारी द्रव्ये ते शरीरात कमी बनू देते. गोळीच्या मानाने रक्तात फार थोडे औषध उतरते, म्हणून पोटालाही त्रास कमी. झिजलेली कूर्चा मात्र दोघांपैकी कोणीच परत आणत नाही.

पंधरा दिवसांनी वही उघडली तर डाव्या गुडघ्यापुढे ‘आज बरे’ जास्त वेळा लिहिलेले. खाला खूश! पण फार्मसी शिकणारी आमची पुतणी म्हणाली, “शेकताना अम्मीजवळ रोज अर्धा तास कोण बसायचं?” तीच बसायची, गप्पा मारत, पाय दाबत. जेल मात्र अम्मी एकट्याच घाईघाईने चोळत, तेही आठवेल तेव्हा. शिवाय उजवा गुडघा आधीपासूनच जास्त दुखरा. आणि मिठाच्या पोटलीवर अम्मींचा भरवसा लहानपणापासूनचा. आमच्या वहीने नेमके काय मोजले, हे आम्हालाच सांगता येईना.

खऱ्या चाचणीत यासाठीच बरीच माणसे घेतात आणि कोणाला कोणता उपाय द्यायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवतात. तरी एक अडचण उरते. बिनऔषधाचे जेल बनवता येते, पण गरम पोटली गरम आहे हे लपवणार कसे? जर्मनीत गुडघ्याच्या 81 रुग्णांवर अशीच एक चाचणी झाली, ती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे घरगुती उपाय होता कोबीची पाने बांधण्याचा. चार आठवड्यांनी कोबी आणि डायक्लोफिनॅक जेल यांत ठळक फरक दिसला नाही. पण आपल्या गुडघ्याला कोबी बांधली आहे हे प्रत्येकाला दिसतच होते. अमेरिकेतल्या सांधेरोगतज्ज्ञांच्या 2019 च्या शिफारशींत गुडघ्यासाठी अशा जेलला ठाम पाठिंबा आहे, शेकाला सौम्य. व्यायाम आणि वजन कमी करणे यांनाही ठाम पाठिंबा आहे, पण त्यांच्यावरून आमच्या घरात कधी पक्ष पडले नाहीत.

एक गोष्ट वहीत नव्हती. आठव्या दिवशी अम्मींनी दुप्पट गुण येईल म्हणून जेल लावलेल्या गुडघ्यावरच पोटली ठेवली. कातडी लालबुंद झाली, एक फोडही आला. जेल लावलेल्या जागी शेक घेऊ नये, उष्णतेने औषध जास्त शोषले जाते. ज्यांना मधुमेहामुळे पायाला चटका नीट कळत नाही, त्यांची पोटली आधी दुसऱ्याने आपल्या मनगटाला लावून पाहावी. मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जेलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. आणि गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, तर शेकत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

हल्ली अम्मी फजरच्या आधी दोन्ही गुडघे शेकतात, रात्रभराचा ताठरपणा त्याने सुटतो. जेल दुपारी, कातडी गार असताना, आणि डॉक्टरांनी सांगितले तितक्या वेळा. मांडीच्या व्यायामाला पुतणी बसवते. खुर्चीचा प्रश्न मशिदीतल्या इमामसाहेबांनी सोडवला. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता, तेव्हा उभे राहणे जमले नाही तर बसून नमाज पढण्यास हुजूर (स.) यांनी त्यांना सांगितले, ही बुखारी शरीफमधली हदीस त्यांनी अम्मींना ऐकवली. अम्मी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “खुर्ची आणा, पण ती हलणारी नको.”