ऊन पाण्याचें कुंड आणि वाळूच्या लाटा

मरुभूमि म्हटली म्हणजे पाण्याचें दुर्भिक्ष्यच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ऑस्ट्रेलियांतील सिंप्सन मरुभूमीच्या पश्चिम कडेला ऊन पाण्याचें एक विस्तीर्ण नैसर्गिक कुंड आहे. डलहौसी झऱ्यांपैकीं हा सर्वांत मोठा. या कुंडांत पोहावें आणि मग मोटारीनें पूर्वेकडील बर्ड्‌सव्हिल गांव गांठावें, असा पुष्कळ प्रवाशांचा बेत असतो. मध्यें चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर, आणि वाटेंत ११०० हून अधिक वाळूच्या टेकड्या! हें कसें साधतें, तें आज पाहूं.

प्रथम पाण्याचा विचार करूं. या प्रदेशाखालीं वालुकाश्माचे थर असून त्यांत पाणी कोंडलेलें आहे. ऑस्ट्रेलियाच्या एकपंचमांशाहून अधिक भूमीखालीं हा सांठा पसरला आहे. थरांच्या उघड्या कडांवर पडलेला पाऊस मुरत मुरत खोल जातो, तेथें भूगर्भाच्या उष्णतेनें तापतो, आणि जेथें खडकाला भेग सांपडते तेथें स्वतःच्याच दाबानें वर येतो. कांहीं भागांत हें पाणी दहा लाख वर्षांहून जुनें आहे. डलहौसीच्या कुंडांत तें सुमारें ३४ ते ३८ अंश सेल्सिअस असतें, आणि जगांत अन्यत्र न आढळणारे मासे त्यांत राहतात.

आतां वाळू. वाळूचा प्रत्येक कण सुटा असतो. अरुंद व ताठ चाकाखालून कण बाजूस सरकतात आणि चाक स्वतःच खड्डा खणतें. उंटाचें तसें होत नाहीं, कारण त्याचा मऊ तळवा भार पडतांच पसरतो. १८६६ सालीं कराचीहून उंट आणि त्यांचे चालक ऑस्ट्रेलियांत आणले गेले. १९३६ सालीं टेड कोल्सन यांनीं ही मरुभूमि ओलांडली ती एका आदिवासी सोबत्यासह, पांच उंट घेऊन. १९६२ सालीं भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग सहकुटुंब मोटारीनें पार गेले. मोटारवाल्याची मुख्य युक्तिही उंटाचीच. टायरमधील हवा ३५ पौंडांवरून १८ पौंडांच्या आसपास उतरवली कीं टायर लांबट पसरतो, तोच भार अधिक जागेवर वांटला जातो, आणि गाडी रुतत नाहीं. मात्र अशा टायरवर वेगानें धांवल्यास तो तापून फाटतो. म्हणून कठीण रस्ता लागतांच हवा पुन्हां भरावी लागते.

या टेकड्यांचा पश्चिमेकडील उतार सौम्य, तर पूर्वेकडील तीव्र आहे. यास्तव पश्चिमेहून निघालेल्यास चढ सोपा पडतो. चढतांना वेग सम ठेवावा. गाडी थांबलीच, तर वळवूं नये; आल्या चाकोरींतून सरळ मागें उतरावें, कारण उतारावर आडवी झालेली गाडी उलटते. माथ्यापलीकडून दुसरी गाडी येत असेल, म्हणून प्रत्येक गाडीवर उंच काठीला निशाण लावावें लागतें.

एवढें करूनही उन्हाळ्यापुढें उपाय नाहीं. तेथील उन्हाळा आपल्या हिंवाळ्यांत येतो, आणि १ डिसेंबर ते १५ मार्च हा प्रदेश प्रवाशांस बंद असतो. बिघडलेल्या गाडीजवळ पाणी संपलें, तर कुंड मागें शेंकडों किलोमीटर राहिलेलें असतें.

त्या कुंडालाही धोका आहेच. १८७८ पासून ऑस्ट्रेलियांत या सांठ्यावर विंधनविहिरी खणल्या गेल्या. कित्येकींतून पाणी अहोरात्र वाहून वायां गेलें, खालचा दाब घटला आणि अन्यत्रचे कित्येक झरे आटले. पुढें अशा विहिरींना तोट्या बसविण्याचें काम सरकारी साह्यानें होऊं लागलें. प्रवाशानें कुंडांत साबण न लावणें ही त्याच कामांतली त्याच्या वांट्याची लहानशी गोष्ट आहे. ती करण्यास यंत्र लागत नाहीं.