स्टिअरिंगमधली ढिलाई नेमकी कोठे?

पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या पिकअप ट्रकचे स्टिअरिंग बोटभर फिरवले, तरी पुढची चाके ढिम्म! मेकॅनिक म्हणतो, "प्ले आलाय." पण एवढा प्ले यायला झीज किती लागते?

स्टिअरिंग बॉक्सचे गुणोत्तर २० : १, त्याखालचा पिटमन आर्म १५ सें.मी. लांब आणि स्टिअरिंगच्या चक्राची त्रिज्या २० सें.मी. धरा. आर्मच्या टोकाच्या सांध्यात १ मि.मी. फट पडली, तर चक्राच्या कडेवर ती १ × २० × २०/१५, म्हणजे सुमारे २७ मि.मी. होते! आपले श्रम वाचवणारी यंत्रणाच ढिलाईही वाढवून दाखवते.

आता दोष शोधू. गाडी सपाट जागी, हातब्रेक ओढलेला, इंजिन बंद, चाके जमिनीवर. तुम्ही स्टिअरिंग हलकेच इकडेतिकडे हलवा. मेकॅनिक खालून पाहील. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तो झिजलेला. बॉक्समध्ये शिरणारा दांडा फिरतो, पण पिटमन आर्म स्वस्थ? मग दोष बॉक्समध्येच.

पुष्कळजण आधी बॉक्सचा स्क्रूच आवळतात. हे मला पटत नाही. आतले दाते गाडी सरळ जातानाच्या मधल्या जागी अधिक झिजतात. तिथे घट्ट बसवले, की वळणावर स्टिअरिंग जड होते. शिवाय खालचा सांधा तसाच झिजत राहतो, आणि तो निखळला तर चाके स्टिअरिंगचे ऐकत नाहीत.