डुमसचं भूत आणि टोमॅटोची भजी

इंटरनेटवर सुरतेतली बघण्यासारखी ठिकाणं शोधली की डुमसचा समुद्रकिनारा समोर येतो, आणि येतो तो भुताखेतांसकट. देशातल्या झपाटलेल्या जागांच्या याद्यांत त्याचं नाव ठरलेलं. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उतरवून घेतलं. वाळू काळी आहे, तर त्या काळेपणाचं कारणही चितेच्या राखेत शोधून झालं आहे.

रविवारी संध्याकाळी तिथे गेलात तर गर्दी दिसते ती भज्यांपुढे. पिकल्या टोमॅटोची जाड चकती, तिच्यावर हिरव्या चटणीचा लेप, मग बेसनात बुडवून कढईत. वर भरडलेले धणे. पहिल्याच घासाला आतला रस जीभ पोळतो, तरी हात थांबत नाही. सुरतकर सहकुटुंब डुमसला जातो तो या भज्यांसाठी. भुताच्या यादीत मात्र भजी नसतात, कारण ती लिहिणाऱ्यानं बहुधा डुमस पाहिलेलंच नसतं.

शहराची ओळख करून देणारा मजकूर लिहिणं हे आता मोठं काम झालं आहे. पालिका, पर्यटन खाती, हॉटेलं आणि रील बनवणारी मुलं, सगळेच ते करतात. ‘डायमंड सिटी’, ‘परंपरा आणि आधुनिकतेचा संगम’ ही विशेषणं काढून दुसऱ्या शहराला चिकटवली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. माझ्या मते चांगल्या मजकुराची खूण एकच: तो दुसऱ्या गावाला लागू पडता कामा नये.

हे जुन्या प्रवाशांना जमलं होतं. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री 1689 मध्ये सुरतेच्या प्रवासाला निघाला आणि 1696 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. बंदर, वखार, व्यापार हे त्यात आहेच. पण वाचणाऱ्याच्या डोक्यातून जात नाही ते तिथलं जनावरांचं रुग्णालय. गाई-घोड्यांबरोबर ढेकूण-पिसवांचीही तिथे सोय होती आणि त्यांचं पोट भरावं म्हणून एका गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजवत, असं तो लिहितो. तीनशे वर्षांनंतरही त्या एका खाटेमुळे जुनी सुरत डोळ्यांपुढे उभी राहते.

आज लिहायचं तर काय लिहावं? थंडीतला पोंक घ्या. ‘सुरतचा प्रसिद्ध पदार्थ’ एवढं लिहून भागत नाही. हा आपला हुरडाच, पण त्याची रीत निराळी. ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजून, झोडपून, पाखडून दाणे काढतात. तापीपलीकडे अडाजणच्या बाजूला थंडीत त्याचे स्टॉल लागतात. लिंबू-मिरीची शेव, साखरेचे दाणे आणि ताक घेऊन तो खायचा. मे महिन्यात जाऊन पोंक मागणाऱ्याला तो मिळणार नाही, हेही लिहायला हवं. केव्हा जायचं, कुठे, कशाबरोबर खायचं, हे सांगणाऱ्यावर वाचक पुढच्या वेळीही विश्वास ठेवतो.

मराठी वाचकाच्या मनात सुरत म्हटलं की शिवाजी महाराजांच्या 1664 आणि 1670 च्या स्वाऱ्या उभ्या राहतात. त्या राहणारच. तापीकाठचा सोळाव्या शतकातला किल्ला आता पालिकेनं नीट सावरला आहे, तो पाहायलाच हवा. पण आपल्या कपाटातल्या पैठणीची जर बहुतेक वेळा सुरतेची असते, हे किती जणांना ठाऊक आहे? चांदीची तार केसासारखी बारीक ओढायची, ती चपटी करून बादला करायचा, तो रेशमी धाग्यावर गुंडाळायचा आणि वर सोन्याचं पाणी द्यायचं. आता तांब्याची तार आणि प्लास्टिकचा धागाही सर्रास वापरतात, आणि तेही लपवू नये. येवल्याच्या मागापासून सुरतेच्या जर-कारखान्यापर्यंतची वाट कोणी मराठीत नीट लिहिली, तर ती वाचून माणसं गाडीचं तिकीट काढतील.

प्लेगबद्दल लिहायला तर सगळेच बिचकतात. सप्टेंबर 1994 मध्ये लाखो लोक शहर सोडून पळाले, गाड्या भरभरून माणसं आपल्याकडे आली. पुढच्या वर्षी आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना कार्यालयातून रस्त्यावर आणलं आणि कचऱ्याशी झुंज सुरू झाली. स्वच्छ सर्वेक्षण 2023 मध्ये सुरत इंदूरच्या जोडीनं पहिली आली. जाहिरातीत फक्त हा क्रमांक झळकतो. पण 1994 गाळलं की त्या क्रमांकाचं मोल कळणार तरी कसं?

ज्या इमारतीतून पालिका चालते ती मुघलसराय 1644 ची, हजला निघालेल्या यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी बांधलेली. याच पालिकेच्या काही शाळांत आजही मराठी माध्यम आहे. लिंबायत, उधना भागात खानदेशातून आलेल्यांची मोठी वस्ती आहे, घरात अहिराणी चालते. भुसावळजवळून वाहणारी तापी या वस्त्यांतल्या माणसांनी दोन्ही गावांत पाहिली आहे. हुरडा आणि पोंक यांतला फरक त्यांना जिभेवर ठाऊक आहे. सुरतेवर मराठीत लिहायला बसणाऱ्यानं आधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसावं.