चार तास मशीनवर, बाकी दिवस वाटेवर

लातूरला नीटच्या क्लासला किंवा नांदेडला कॉलेजला गावाकडून ये-जा करणाऱ्यांना मुक्कामी गाडी म्हणजे काय ते सांगायला नको. रात्री गावात थांबलेली आणि पहाटे सगळ्यात आधी सुटणारी एसटी. त्यात कोण कोण असतं तेही तुम्हाला पाठ असेल. भाजीचं गाठोडं घेतलेल्या मावशी, कोर्टाच्या तारखेला निघालेले काका, पासवाली पोरं-पोरी. आणि एखादा माणूस असा, ज्याच्या लांब बाहीच्या शर्टाखाली मनगटाच्या वर दोरीसारखी फुगलेली शीर दिसते. पायांवर सूज, हातातल्या पिशवीत फाईल आणि एक चादर. तो आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारांना, त्याच गाडीत असतो. हा माणूस डायलिसिसला निघालेला असतो.

किडन्या निकामी झाल्या की रक्तातली घाण आणि अंगात साठलेलं पाणी बाहेर काढायचं काम मशीनला करावं लागतं. एका वेळी साधारण चार तास. वैद्यकशास्त्राची पसंती आठवड्यातून तीन वेळा या हिशोबाला आहे, पण आपल्याकडे पुष्कळ जण दोनवर भागवतात. कारण पैसा असतो, जागा असते, आणि फार वेळा अंतर असतं. ती फुगलेली शीर म्हणजे फिस्टुला. हातातली धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडलेली असते, म्हणजे सुईतून भरपूर रक्त मशीनकडे जाऊ शकतं. त्यावर बोट ठेवलं तर आत छोटी मोटार चालू असल्यासारखी थरथर लागते. त्या हाताचा बीपी घ्यायचा नाही, त्या हाताने जड उचलायचं नाही, तो दाबला जाऊ द्यायचा नाही. आता हा हात घेऊन खच्चून भरलेल्या गाडीत वरचा दांडा धरून उभं राहायची कल्पना करा.

उपचाराच्या खर्चाचं बोलायचं तर गेल्या १०-१२ वर्षांत बरंच बदललं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात नांदेड होतं. लातूर पुढच्या वर्षी, राज्यभर योजना लागू झाली तेव्हा आलं. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. डायलिसिस तिच्यात बसतं. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णांना मोफत डायलिसिसची सोय ठरली. ही छोटी गोष्ट नाही. याआधी एका डायलिसिससाठी शेत विकायची वेळ यायची.

पण मोफत आहे ते मशीन. मशीनपर्यंतचा रस्ता रुग्णाचाच.

एक साधं गणित करू. लातूरपासून पासष्ट किलोमीटरवरचं गाव धरा, उदगीरकडून येणाऱ्यांना साधारण एवढंच पडतं. जाऊन-येऊन १३०. आठवड्यातून दोनदा म्हणजे २६०. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर १३,५२० किलोमीटर. तीन वर्षांत हा माणूस पृथ्वीला विषुववृत्तावरून एक फेरी मारून येतो, आणि पाहतो काय, तर तेच फाटे आणि तोच टोलनाका. नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. किनवट जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरच्या पुढे, देगलूर ऐंशीच्या आसपास. तिथल्या आडगावातून निघणाऱ्याचा हिशोब तुम्हीच करा. शिवाय नांदेडला स्टँडवर उतरलं की सगळं झालं असं नाही. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहराबाहेर विष्णुपुरीला आहे, म्हणजे पुन्हा रिक्षा.

माझे मामा अहमदपूरजवळच्या खेड्यातले. अहमदपूर नांदेड-लातूर रस्त्यावर मधोमध आहे, त्यामुळे दोन्ही शहरं सारखीच लांब. मामांनी लातूर निवडलं ते डॉक्टर बघून नाही. लातूरकडे जाणारी गाडी फाट्यावर आधी यायची म्हणून. सकाळी सातची शिफ्ट त्यांना कधी जमलीच नाही, कारण पोचायलाच साडेआठ. म्हणून दुपारची शिफ्ट. ती सुटायची साडेतीन-चारला. सुई काढल्यावर रक्त थांबेपर्यंत बोट दाबून बसायचं, मग स्टँड, मग गाडीची वाट, घरी पोचायला आठ. डायलिसिसनंतर बीपी उतरतो, डोकं जड होतं, पायात गोळे येतात. त्या अवस्थेत त्यांचा खरा प्रवास सुरू व्हायचा. मामी सोबत जायच्या, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. दुसरा दिवस झोपून. तिसऱ्या दिवशी जरा माणसात आल्यासारखं वाटायचं आणि चौथ्या दिवशी पुन्हा निघायची तयारी. आठवड्यात त्यांना स्वतःचे म्हणावेत असे दिवस किती उरायचे, ते मी एकदा मोजलं होतं. दोन, फार तर अडीच.

हे फक्त आमच्या घरातलं रडगाणं नाही. सात देशांतल्या वीस हजारांहून जास्त डायलिसिस रुग्णांच्या माहितीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रापर्यंत पोचायला तासाहून जास्त लागणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका पंधरा मिनिटांत पोचणाऱ्यांपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी जास्त दिसला. त्यांचं जगण्याचं मानही कमी भरलं. प्रवासामुळेच माणसं दगावली असं यावरून सिद्ध होत नाही, लांब राहणाऱ्यांच्या इतरही अडचणी असतात. पण तासभराला तो अभ्यास ‘लांब’ म्हणतो. आपल्याकडे तासाभरात पोचणारा नशीबवान.

त्यात आपला मराठवाडा. डायलिसिसवरच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावं लागतं, लघवी जवळपास बंद असेल तर दिवसाला लिटरभरच्या आसपास. मे महिन्यात, बेचाळीस अंशात, पत्रा तापलेल्या गाडीत तीन तास काढून बघा. दुसरीकडे मशीनला पाणी लागतं भरपूर. मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने चार तासांत १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी, आणि ते शुद्ध करताना वाया जाणारं वेगळं. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, ती ‘जलदूत’ तुम्हाला शाळेत असताना पाहिलेली आठवत असेल. आपल्याला तेव्हा आंघोळीची काळजी होती. ज्या घरात डायलिसिसचा पेशंट होता, तिथे काळजी दुहेरी असणार.

जेवणाचीही तीच तऱ्हा. अर्धापूरची केळी नको, पोटॅशियम वाढतं. लातूरच्या तुरीचं वरण जपून. लोणचं-पापड बंद, कारण मिठाने तहान लागते. गाडी खोळंबली तर स्टँडवर पेशंटला चालेल असं खायला काय मिळतं? वडापाव आणि चिवडा.

आणि गाडी आलीच नाही तर? नोव्हेंबर २०२१ पासून कित्येक महिने एसटीचा संप चालला, एप्रिल २०२२ मध्ये तो मिटला. आपली तेव्हा कॉलेजची लेक्चर्स बुडाली. लेक्चर नंतर भरून काढता येतं. डायलिसिस चार दिवस हुकलं तर पाणी फुप्फुसात चढू लागतं, पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या पट्ट्यातली गावं पुराच्या पाण्यात गेली. अशा रात्री बाकी सगळे घर आणि जनावरं सांभाळत असतात, आणि डायलिसिसवाला माणूस उद्या कोणता वार आहे ते मोजत असतो.

सवलती आहेत, पण त्या कुणी सांगत नाही. एसटीच्या सवलतींच्या यादीत डायलिसिसच्या रुग्णांना मोफत प्रवास आहे. रेल्वेत डायलिसिस किंवा किडनी प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला सेकंड क्लास आणि स्लीपरमध्ये ७५ टक्के सूट आहे. किनवटहून नांदेडला रेल्वेने येणाऱ्यांना ती उपयोगाची. जीवनदायी योजनेच्या मूळ पॅकेजमध्ये तर दवाखान्यातून घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेचं भाडंही धरलं होतं. फक्त परतीचं. यायचं कसं, याचा विचार बहुधा योजना लिहिणाऱ्याने केला नाही. १०८ ची गाडी अपघात आणि तातडीच्या प्रसंगासाठी, आठवड्याच्या नेमाच्या फेरीसाठी ती नाही. अमेरिकेत गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत दवाखान्यापर्यंत ने-आण करायची जबाबदारी योजनेचीच असते. फ्रान्समध्ये डायलिसिसच्या पेशंटचं टॅक्सीभाडं आरोग्य विमा देतो. आपल्याकडे निदान तालुक्याच्या ठिकाणी मशीन आणि दुपारच्या शिफ्टच्या वेळेशी जुळणारी एक गाडी, एवढं मागायला हरकत नसावी.

घरच्या घरी करायचं डायलिसिसही असतं. पोटात बसवलेल्या नळीतून द्रव सोडायचा, काही तासांनी काढायचा, दिवसातून साधारण चार वेळा. २०१९ मध्ये ते राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं गेलं. त्याला स्वच्छ खोली, धुतलेले हात आणि वेळेवर येणाऱ्या पिशव्या लागतात. प्रत्येकाला जमेल असं नाही. पण ज्याचं गाव शंभर किलोमीटरवर आहे, त्याने डॉक्टरांना निदान एकदा विचारावं. मामांना हे कुणी सांगितलंच नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

तुमच्या गल्लीत असं कुणी असेल तर एसटीच्या सवलतीचे कागद काय लागतात ते आगारात जाऊन विचारून द्या. रेल्वेच्या सवलतीसाठी दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं, ते भरून आणायला मदत करा. बाइक असेल तर स्टँड ते दवाखाना सोडा, पण फिस्टुला कोणत्या हाताला आहे ते आधी विचारा आणि त्या हाताला धरू नका. गाडीत जागा द्याल तेव्हा फिस्टुलाचा हात खिडकीकडे येईल अशी द्या. आणि उन्हातून आलेत म्हणून तांब्या पुढे केला आणि ते नको म्हणाले, तर आग्रह करू नका. त्यांचं आजचं पाणी सकाळीच मोजून झालेलं असतं.