वंशावळीतल्या बायका कुठे गेल्या?

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या पणजीचं नाव काय? पणजोबांचं नाही हं, पणजीचं! आठवतंय? आणि पणजीच्या आईचं?

लाजू नका, मलाही सांगता आलं नव्हतं. धाकट्याला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितलं होतं. म्हटलं, त्यात काय अवघड आहे? आमच्या देवघरात पोथीबरोबर बांधून ठेवलेली सात पिढ्यांची वंशावळ आहे. ती काढली, मुलानं सुबक अक्षरात उतरवून घेतली आणि सहज विचारलं, "आई, यात एकही बाई कशी नाही?"

सात पिढ्या, एकोणतीस नावं आणि एकही बाई नाही! मुलगा दुसऱ्या दिवशी वंशवृक्ष देऊन मोकळा झाला, पण मला काही चैन पडेना. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तान्त छापण्याची जुनी हौस आहे. कोल्हापूर-बेळगावकडे हेळवी दारोदार येऊन वंशावळी म्हणून दाखवत. तरी बायकांची नावं शोधायला निघालं की वाट बिकटच. आधीच लग्नात नाव बदलायची चाल, म्हणजे एकाच बाईची दोन नावं. पुढं सगळा गाव तिला "अमक्याची आई" म्हणून ओळखणार!

म्हणून मी शोध सुरू केला तो कपाटातून नव्हे, माळ्यावरून. आपल्या आज्यांची नावं कागदावर नसतील, पण भांड्यांवर असतात. लग्नात, बारशाला, मंगळागौरीला आलेल्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत होतीच. माळ्यावर एक तांब्याचं घंगाळ निघालं. काठावरची अक्षरं घासून घासून पुसट झाली होती. त्यांत तांदळाची पिठी भरली आणि वरून हलकेच फडकं फिरवलं, तशी पांढरी होऊन उठून दिसली : "सौ. य. यांस माहेरची भेट, शके 1838."

काय आनंद झाला म्हणून सांगू! शके 1838 म्हणजे सन 1916. ही 'य' म्हणजे आमच्या आजेसासऱ्यांची आईच असणार, असं मी ठरवून टाकलं. 'य' वरून यमुना की यशोदा? यमुनाच बरं वाटतं, म्हणून यमुना! वंशावळ नव्याने लिहून चार नातेवाइकांना पाठवलीसुद्धा. पंधरा दिवसांनी एका दिरांनी जुनी मनीऑर्डरची पावती दाखवली. तीवर त्या बाईंचं नाव होतं आणि ते 'य'नं सुरूच होत नव्हतं. मग काय, चौघांनाही "कृपया ते नाव खोडावे" म्हणून कळवावं लागलं. हौशी माणसाचा पहिला धडा हाच. जे वाटतं ते पेन्सिलीनं लिहावं आणि जे दिसतं तेवढंच शाईनं!

पुढं नाशिकला जाण्याचा योग आला. रामकुंडावर आपल्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळीच्या वह्या असतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गाव आणि आडनाव सांगितलं, गुरुजींनी वही उलगडली आणि अर्ध्या तासात आजेसासऱ्यांची मोडीतली सही समोर! अंगावर काटाच आला. ज्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं, त्यांचा हात कागदावरून फिरलेला दिसत होता. गुरुजींनी वाचून दाखवलं : माघ, शके 1840. खाली भावांची नावं आणि "पुत्र" म्हणून थोरल्या काकांचं नाव. बाईचं नाव इथंही नव्हतं.

घरी येऊन हिशेब मांडला आणि घोटाळ्यात पडले. शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 78 मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत 79. म्हणजे माघ शके 1840 हा 1919 सालच्या सुरुवातीचा. आणि आमच्या आजेसासूबाईंची लग्नपत्रिका घरात आहे, ती वैशाख शके 1841 ची, म्हणजे त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली. मग लग्नाच्या आधी मुलगा कसा? मला वाटलं, माझंच गणित चुकलं. तीनदा मांडून पाहिलं. चुकलं नव्हतं.

कोडं सुटलं ते भलतीकडेच. गावच्या जमिनीचे जुने फेरफार काढायला हे तलाठ्याकडे गेले होते, तेव्हा मी बरोबर होते. वारसांच्या नोंदींत तरी बायका सापडतील अशी आशा होती. सापडल्या, पण कशा? 1956 च्या वारसा कायद्यानं मुलींनाही वडिलांच्या मिळकतीत वाटा आला. आमच्याही घरात मुलींची नावं कागदावर पहिल्यांदा आली ती त्यानंतर. आणि लगेच पुढच्या नोंदीत हक्कसोड! नाव चढलं आणि उतरलं. त्यात आमच्या आत्याबाईंचंही नाव होतं. सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, वय 86, तल्लख बुद्धी. पण त्या 'लग्न होऊन गेलेल्या', म्हणून घराण्याचा इतिहास त्यांना विचारावा हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

घंगाळ घेऊनच त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "सही करायला बोलावलं होतं गं सगळ्यांनी. विचारायला तूच पहिली आलीस." काठावरून बोट फिरवत बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे दादाच्या आईचं."

1918 सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, जुनी माणसं जिला मानमोडी म्हणत, आजेसासऱ्यांची पहिली बायको गेली. पदरात तीन महिन्यांचं मूल होतं. तिच्या अस्थी घेऊनच ते माघात नाशिकला गेले होते. वैशाखात दुसरं लग्न झालं आणि आमच्या आजेसासूबाई उंबरठा ओलांडून आल्या त्या एका तान्ह्या मुलाची आई होऊनच. "आईनं दादाला कधी सवतीचा म्हटलं नाही, कुणाला म्हणू दिलं नाही," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणून आम्हीही बोललो नाही. पण आईनं हे घंगाळ मोडीत घालू दिलं नाही हो. दर दिवाळीत दादाला पहिली अंघोळ यातल्याच पाण्यानं."

नाव विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. ते यमुनाही नव्हतं आणि यशोदाही.

आता प्रश्न पडला, हे वंशावळीत लिहायचं की नाही? काका तर केव्हाच गेले, पण त्यांची मुलगी, आमच्या वन्सं, आहेत. शोधाच्या नादात आपण कुणाच्या आठवणीला धक्का लावत नाही ना, हे पाहायलाच हवं. मी लेखणी खाली ठेवली आणि आधी वन्संकडे गेले. त्या रडल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मला दोन आज्या होत्या! दोघींची लिही." मृत्यूची नोंद शोधली, पण त्या सालची पानं वाळवीनं खाल्लेली निघाली. म्हणून नावापुढं लिहिलं : "आत्याबाईंनी सांगितले." खाली तारीख घातली. दोन वर्षांनी आत्याबाई गेल्या.

तुम्हीही शोधाला निघणार असाल, तर अनुभवाचे चार शब्द :

• सुरुवात माणसांपासून करा, कागद थांबतात. माहेरवाशिणींना, आत्यांना, मावश्यांना आधी विचारा. "वंशावळ सांगा" म्हटलं तर बोलणं खुंटतं. "तुमच्या लहानपणी दिवाळीला काय काय व्हायचं?" असं विचारा, मग नावं आपोआप येतात.

• श्राद्धात आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांची नावं घेतात. घरात श्राद्ध होत असेल, तर उपाध्यायांची किंवा घरातली जुनी टिपणवही पाहा.

• शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर डोळे मिटून विश्वास नको. कितीतरी जुन्या माणसांचा वाढदिवस 1 जूनला येतो, तो शाळा सुरू होण्याच्या सोयीनं!

• आजोबा-नातवाचं एकच नाव असतं. नुसतं नाव जुळलं म्हणून हुरळू नका, बापाचं नाव आणि साल जुळवा.

• जुने कागद मोडीत असतील तर टाकू नका. पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग भरतात. घरातलीच एखादी मुलगी शिकली तर किती छान!

• जुन्या कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. फोटोमागं नावं पेन्सिलीनं लिहा. मोबाइलवर फोटो जरूर काढा, पण मूळ कागद जपा.

• आणि सरदार-जहागीरदार निघाले नाहीत म्हणून हिरमुसू नका. आमचेही निघाले नाहीत.

एवढी खटपट करून काय मिळवलं, असं हे अजून विचारतात. आमच्या नव्या वंशावळीत आता एकोणतीस नावांच्या शेजारी अकरा बायका आहेत. बाकीच्या जागा रेघ मारून मोकळ्या ठेवल्यात, म्हणजे तिथं कुणीतरी होतं हे तरी कळेल. घंगाळ मात्र माळ्यावर परत ठेवलं नाही. यंदा दिवाळीत वन्सं नातवाला घेऊन येणार आहेत.

तेव्हा आज दुपारची कामं आटोपली की एक वही घ्या. पहिल्या पानावर आईचं माहेरचं नाव लिहा, मग तिच्या आईचं. जिथं अडाल, तिथं कुणाला विचारता येईल ते आठवा आणि उद्यावर ढकलू नका.