तळघरातल्या चाली

ब्रिस्टलमध्ये जुनं घर बघायला गेलं, की एजंट आधी स्वयंपाकघर दाखवतो, मग मागची बाग, आणि अगदी शेवटी जिन्याखालचं एक बुटकं दार उघडून म्हणतो, ‘खाली सेलरही आहे.’ आपण वाकून डोकावतो. दगडी भिंती, जमिनीवर ओलीचे नकाशे, कोपऱ्यात जुनी काजळी. टॉटरडाउन, बेडमिन्स्टर, ईस्टन या भागांतली बरीचशी घरं व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, एकमेकांना चिकटून रांगेत उभी असलेली. तेव्हा घर तापायचं ते कोळशावर, म्हणून तळघर म्हणजे कोळशाची कोठी. क्लिफ्टनच्या श्रीमंत घरांच्या कोठ्या तर थेट फुटपाथखाली गेलेल्या आहेत. शहराच्या मध्यभागी डेन्मार्क स्ट्रीटवर हार्वे कंपनीची वाइनची जुनी तळघरं होती. ‘ब्रिस्टल क्रीम’ ही शेरी त्यांचीच. वाइनला लागतो तो गारवा, अंधार आणि दमटपणा इथल्या जमिनीखाली फुकट मिळतो. तबल्याला मात्र नेमकं उलटं हवं असतं.

आम्ही आमच्या तळघराचा छोटा ध्वनिमुद्रण स्टुडिओ केला, हे इथल्या मराठी मंडळींना कळल्यापासून दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. कसं केलं, किती त्रास झाला, परवानगी लागते का? म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कशासाठी, ते. रांगेतल्या घरात दोन कुटुंबांच्या मध्ये एकच भिंत असते. आमच्या एका बाजूला रात्रपाळी करणारी नर्स राहते, दुसऱ्या बाजूला तान्हं बाळ. आमची मुलगी तबला शिकते. तबल्यावर रुमाल टाकून पाहिला. आवाज थोडा कमी झाला, बोल पूर्ण गेले. इथे १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार घरातला आवाज उपद्रव ठरला, तर स्थानिक काउन्सिल नोटीस काढू शकते. आमची तक्रार कुणी केली नाही. इंग्रज शेजारी सहसा तक्रार करतच नाही. तो हसून ‘किती सुंदर वाद्य आहे’ एवढंच म्हणतो, म्हणजे त्याला सगळं ऐकू जातंय हे आपल्याला कळतं.

दुसरं कारण जास्त निकडीचं. बाबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात चाळीसेक वर्षं गातात. अभंग गाथेत छापलेले आहेत, चाली कुठेच छापलेल्या नाहीत. ज्या बुवांकडून त्या आल्या ते कधीच गेले, आणि पूर्ण चाली येणारे आता गावात तिघे उरलेत, बाबांना धरून. बाबा ७४ वर्षांचे आहेत. फोनवर केलेली रेकॉर्डिंग आहेत आमच्याकडे, पण फोन आपल्या मर्जीने आवाज दाबतो आणि फुगवतो. टाळ वाजला की गाणं गायब. शिवाय मागे कुकरची शिट्टी. बाबा इथे येतात ते पाहुण्यांच्या व्हिसावर, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने. एप्रिलमध्ये आले की दसऱ्याच्या सुमाराला परत. म्हणजे खोली तयार हवी होती ती त्या सहा महिन्यांच्या आत.

हे शहर अशा उद्योगाला उत्तेजनच देतं. १९९५ चा मर्क्युरी पुरस्कार मिळवणारा पोर्टिसहेडचा ‘डमी’ इथला. इथून तासाभराच्या आत, बाथजवळच्या बॉक्स गावात, पीटर गॅब्रिएलने जुन्या पाणचक्कीत ‘रिअल वर्ल्ड’ स्टुडिओ उभारला. नुसरत फतेह अली खाँसाहेबांचा १९९० चा ‘मस्त मस्त’ अल्बम त्याच नावाच्या लेबलचा, आणि त्यातल्या शीर्षकगीताचं रिमिक्स केलं ते ब्रिस्टलच्याच मॅसिव्ह अटॅकने. तसं पाहिलं तर आपल्याकडचं ध्वनिमुद्रणच मुळी स्टुडिओत सुरू झालेलं नाही. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गायस्बर्गने कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं ते एका हॉटेलच्या खोल्यांमध्ये. तेव्हा तळघर म्हणजे काही कमीपणा नाही.

आता काम. लोक विचारतात फोम कुठला लावला. पण पहिलं काम आवाजाचं नसून पाण्याचं आहे. आमच्या एकूण खर्चातला अर्ध्याहून जास्त भाग पाण्यावर गेला.

ब्रिस्टलच्या जुन्या भिंती बऱ्याचदा पेनंट या स्थानिक वालुकाश्माच्या, चुन्यात बांधलेल्या. अशी भिंत ओल पिते आणि हळूहळू सोडते. तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा थापला की ओल आत कोंडते आणि दुसरीकडून, बहुतेक वेळा वरच्या मजल्याच्या लाकडाजवळून, बाहेर पडते. एका बिल्डरने आम्हाला हाच उपाय सुचवला होता. स्वस्त होता, आम्ही नको म्हटलं. आम्ही केलं ते असं: भिंतीला आणि जमिनीला उंचवटे असलेलं प्लास्टिकचं अस्तर लावलं, अंड्यांच्या ट्रेसारखं दिसणारं. भिंतीतून आलेलं पाणी त्यामागच्या पोकळीतून खाली उतरतं, कडेच्या पन्हळीतून एका खड्ड्यात जमतं आणि तिथला पंप ते बाहेर टाकतो. पाण्याला अडवायचं नाही, वाट करून द्यायची. पावसाळ्यात गावाकडे घराच्या मागून चर खणतात, तीच अक्कल. पंपाला बॅटरीची जोड हवीच, कारण वीज जायची ती मुसळधार पावसातच जाते. तळघर पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘अरे, हा तर महाबळेश्वरचा जुलै आहे.’ तेव्हा आर्द्रतेचा काटा ८० च्या वर असायचा. आता ५० च्या आसपास राहतो.

हा आकडा वाद्यांसाठी जीवनमरणाचा आहे. दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते आणि स्वर उतरतो. हातोडी घेऊन कितीही बसा, तासाभरात पुन्हा खाली. पेटीच्या पितळी सुरांवर थर चढतो, भात्याला बुरशी लागते. हवा कोरडी करणारं यंत्र घेताना एक लक्षात ठेवा. दुकानात समोर मांडलेली बहुतेक यंत्रं कॉम्प्रेसरवर चालतात आणि थंड खोलीत त्यांचा जोर कमी होतो. गार तळघराला ओल शोषणारं चाक असलेलं, ‘डेसिकंट’ जातीचं यंत्र बरं. रेकॉर्डिंगच्या वेळी अर्थातच ते बंद करावं लागतं.

आणखी एक अदृश्य पाहुणा म्हणजे रेडॉन. जमिनीतून झिरपणारा हा किरणोत्सारी वायू कॉर्नवॉल-डेव्हनकडे जास्त, पण पत्त्यागणिक फरक पडतो आणि तळघरात तो साठतो. तीन महिने ठेवायचे छोटे डबे टपालाने मागवता येतात. घनमीटरला २०० बेकरेलच्या वर आकडा गेला तर उपाय करा, असा इथला सरकारी सल्ला आहे. भिंती झाकायच्या आधी मोजून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. असलेल्या तळघराची स्वतःच्या वापरासाठी खोली करायला सहसा नियोजन परवानगी लागत नाही, पण बांधकाम नियमांची मंजुरी लागते: ओल, हवा, वीज आणि मुख्य म्हणजे आग. खालून थेट बाहेर पडायला खिडकी-दार हवं, नाहीतर बाहेरच्या दारापर्यंत आगीपासून सुरक्षित जिना. सामाईक भिंतीत कापाकापी करायची किंवा पायाजवळ खोल खणायचं असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. आम्ही जमीन खणलीच नाही. उंची मिळाली असती, पण खर्च कितीतरी पटीने वाढला असता. नोटीस लागत नसतानाही दोन्ही शेजाऱ्यांना चहाला बोलावून नकाशा दाखवला. लीजवरच्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे मूळ मालकाची संमती आधी.

आता आवाज. यात दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. आवाज बाहेर जाऊ न देणं हे एक, आणि खोलीतला आवाज आत चांगला ऐकू येणं हे दुसरं. फोमच्या पट्ट्या, अंड्यांचे ट्रे वगैरे पहिल्या कामाला शून्य उपयोगी. आवाज अडवायला वजन लागतं, अंतर लागतं आणि फट नसणं लागतं. नुसतं वजन दुप्पट केलं तर पाच-सहा डेसिबल कमी होतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण दहा लागतात. म्हणून खोलीच्या आत दुसरी खोली करतात. आमची आतली भिंत बाहेरच्या भिंतीला कुठेच टेकत नाही. मध्ये पोकळी, त्यात खनिज लोकर, आणि आतून प्लास्टरबोर्डचे दोन थर. छतही वरच्या तुळयांना थेट न ठोकता लवचिक पट्ट्यांवर टांगलंय. दार जड, चारही कडांना रबर. एवढं करून एका स्विचबोर्डाच्या मागे फट राहिली असती, तर सगळं तिथूनच गेलं असतं.

पण इतकी घट्ट खोली म्हणजे डबा. हवा कुठून येणार? वाऱ्याची नळी सरळ भोकातून आणली की आवाजही त्याच वाटेने बाहेर जातो. म्हणून ती एका लाकडी पेटीतून वळणं घेत आणायची, पेटीला आतून लोकर लावायची. हवा वळते, आवाज वळणावळणावर दमतो.

आतला हिशेब मात्र मला सर्वांत रंजक वाटला. आमची तयार खोली ४ मीटर लांब, ३.३ रुंद आणि जेमतेम २ मीटर उंच. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की खोली ज्या कंपनसंख्येला घुमते ती मिळते, ४३. आणि तिची दुप्पट ८६. उंचीचा हिशेब केला तर तिथेही ८६. म्हणजे लांबी आणि उंची दोन्ही एकाच सुराला साथ देणार. डग्ग्याचा घुमारा याच परिसरातला. मुलीने घिस्सा मारला की एक जागा अशी यायची, जिथे खोलीच वाजायला लागायची. ८६ हर्ट्झची लाट चार मीटर लांब असते, तिला इंचभर फोम कळतसुद्धा नाही. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत फूटभर जाडीचे लोकरीचे खांब उभे केले तेव्हा ती शांत झाली. समोरासमोरच्या भिंतींचा प्रश्न त्यामानाने सोपा. मोकळ्या खोलीत टाळी वाजवली की ‘ठर्रर्र’ असा कापरा आवाज यायचा. एका भिंतीला पुस्तकांचं कपाट आणि दुसरीला लोकरीच्या चौकटी लावल्यावर तो गेला. सगळी खोली मऊ करू नका; गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत आला नाही तर तो जोर लावत बसतो आणि घसा बसतो.

जूनमध्ये बाबा पहिल्यांदा माइकसमोर बसले. मी लय स्थिर राहावी म्हणून हेडफोनमध्ये मेट्रोनोम दिला होता, स्टुडिओची रीत म्हणून. बाबांनी अर्ध्या मिनिटात हेडफोन काढला. ‘हे टकटक कोण करतंय?’ त्यांचं बरोबर होतं. भजन संथ सुरू होतं आणि चढत चढत द्रुतात जातं. ते यंत्राच्या ठोक्यात बसत नाही. मुलीने भजनी ठेका धरला आणि काम सुरू झालं.

तरी दुसऱ्या कडव्याला बाबा अडखळायचे. शब्द पाठ, चाल पाठ, पण पुढची ओळ सुचेना. दोन दिवसांनी कारण त्यांनीच सांगितलं. चाळीस वर्षांत त्यांनी चाल एकट्याने कधी गायलीच नव्हती. ओळ टाकायची, टाळकऱ्यांनी ती झेलायची, आणि त्यांच्या झेलण्यात पुढची ओळ उचलायची. चालीचा अर्धा भाग त्या झेलण्यातच असतो. मग मंडळातले तिघे दर शनिवारी यायला लागले. २६ घनमीटरच्या खोलीत पाच माणसं आणि एक माइकवाला. तेव्हा ती वळणाची हवेची पेटी कामाला आली. टाळकऱ्यांना पार मागच्या कोपऱ्यात बसवलं, पाठीमागे जाड गोधडी टांगून, कारण बंद खोलीत टाळ कानात सुईसारखा घुसतो. बाबांच्या तोंडापासून माइक हातभर लांब, तबल्याला दोन वेगळे. लॅपटॉप खोलीबाहेर, त्याचा पंखाही ऐकू येतो. ब्रिस्टलमध्ये पाऊस आला की मात्र पंप चालू होतो. पंप कोळशाच्या जुन्या कोठीत, दाराआड आहे, तरी दोन चालींच्या शेवटी तो बारीक घुमताना ऐकू येतो. त्या चाली पुन्हा गाऊया म्हटलं तर बाबा म्हणाले, ‘राहू दे, तंबोऱ्यासारखा लागलाय.’

बाबांनी येताना वहीत ४४ चालींची यादी आणली होती. परत जाईपर्यंत ३१ झाल्या. नर्सबाईंनी एकदाच विचारलं, हल्ली तबला बंद केला का म्हणून.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी यातलं काही बांधू नये. कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट उघडायचं, त्याच्याकडे तोंड करून माइक ठेवायचा, गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन गोधड्या. शेजाऱ्याला ऐकू जाणं थांबणार नाही, पण रेकॉर्डिंग फोनपेक्षा कितीतरी चांगलं होतं. गावाकडच्या उरलेल्या दोघांना मी हेच फोनवर सांगितलं. त्यांच्यातल्या एकाच्या नातवाने धान्याची खोली शोधली, ज्वारीची पोती चारही बाजूंनी रचलेली, आणि आजोबांना मध्ये बसवलं. पहिल्या तीन फायली आल्यात. एकीत मागे कोंबडा आहे, बाकी आवाज स्वच्छ आहे.